चार मिनिटांत उरकलेला एमआरआय: छान दिसतो, पण दाखवतो का?

गुडघ्याच्या एमआरआयला आलेला माणूस टेबलावर आडवा झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वेळ लागेल हो?" गुडघ्याभोवती कॉइलचा, म्हणजे शरीरातून येणारा सिग्नल टिपणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचा, पिंजरा बसवायचा, फटीत फोमचे तुकडे कोंबायचे, कानात बोळे घालायचे, हातात घंटीचा रबरी फुगा द्यायचा आणि सांगायचं, "काका, वीस मिनिटं. पाय मात्र हलवायचा नाही." काचेच्या अलीकडे बसून हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय याचा हिशेब नाही. पंधराव्या मिनिटाला काकांच्या पोटरीत नेमकी कळ येते, पाय दोन मिलिमीटर सरकतो आणि ती अख्खी सिक्वेन्स, म्हणजे प्रतिमांची ती एक फेरी, कचऱ्यात जाते.

आता नवं सॉफ्टवेअर आल्यापासून मी "दहा मिनिटं" म्हणतो. कधी कधी त्याहून कमी. काका खूश, बाहेर ताटकळलेली मंडळी खूश, सेंटरच्या मालकांचं तर विचारूच नका. शिवाय प्रतिमा कशा, तर लोण्यासारख्या. एकदा आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम सहज कन्सोलपाशी आल्या होत्या. पेशंट अजून आतच होता. पडद्यावरचा गुडघा बघून म्हणाल्या, "ही एवढी छान कशी काय आली?" त्या सुरात कौतुक नव्हतं, संशय होता. तो संशय कशातून येतो आणि तो फेडायचा कसा, हे समजून घ्यायचं तर आधी मशीनच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

एमआरआय फोटो काढत नाही. फोटोत ठिपक्याठिपक्याचा उजेड थेट टिपला जातो. इथे मशीन एका वेळी एक पट्टेरी नक्षी मोजतं. असं समजा, ट्रेसिंग पेपरचे शेकडो कागद आहेत आणि प्रत्येकावर काळे-पांढरे पट्टे आहेत. काहींवर वीतभर रुंद, काहींवर केसाएवढे बारीक. या गुडघ्यात कुठली नक्षी किती प्रमाणात मिसळलेली आहे, तेवढं मशीन मोजतं. सगळी प्रमाणं हाती आली की फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीनं ते कागद एकावर एक ठेवायचे, आणि त्यातून गुडघा उमटतो. या मोजलेल्या आकड्यांच्या तक्त्याला के-स्पेस म्हणतात. तक्त्याच्या मधोमध रुंद पट्ट्यांचे आकडे असतात, त्यातून उजेड-अंधार आणि ढोबळ आकार मिळतो. कडेला बारीक पट्ट्यांचे असतात, त्यातून कडा, चिरा आणि भेगा.

वेळ जातो तो हा तक्ता ओळीओळीनं भरण्यात. समजा २५६ ओळी भरायच्या आहेत, एका दमात ८ ओळी होतात आणि दोन दमांत ३ सेकंदांचं अंतर आहे. म्हणजे ३२ दम, ९६ सेकंद. सिग्नल नीट यावा म्हणून सगळं दोनदा मोजून सरासरी घेतली तर ३ मिनिटं १२ सेकंद. गुडघ्याला अशा चार-पाच सिक्वेन्स लागतात, वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगवेगळ्या कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे उजेड-अंधाराच्या फरकाच्या. मधली तयारी धरून झाली की नाही वीस मिनिटं?

वेळ वाचवायचा सरळ मार्ग एकच: सगळ्या ओळी भरायच्याच नाहीत. पण एकाआड एक ओळ गाळली की प्रतिमा स्वतःवरच दुमडते. शाई ओली असताना वर्तमानपत्राची घडी घातली तर वरच्या पानाचा मजकूर खालच्यावर उमटतो, तसं. हा दुमडलेला कागद उलगडण्याची पहिली मोठी युक्ती अनेक कॉइलची. गुडघ्याभोवतीच्या पिंजऱ्यात आठ-पंधरा छोट्या कॉइल असतात. पुढच्या कॉइलला पुढचा भाग मोठ्यानं ऐकू येतो, मागच्या कॉइलला मागचा. या फरकावरून कुठला ठिपका कुठून आला ते सोडवता येतं. १९९९ साली झुरिकच्या गटानं मांडलेली सेन्स आणि २००२ सालची ग्रापा या त्यातल्या दोन पद्धती. आज जवळपास प्रत्येक मशीनवर त्या चालतात आणि त्यांना कुणी 'वेगवान' म्हणतही नाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. वेग चौपट केला की सिग्नल आणि नॉइजचं (प्रतिमेतल्या नकोशा रव्याचं) गुणोत्तर चाराच्या वर्गमुळानं, म्हणजे दोनानं, भागलं जातं. त्यावर कॉइलच्या मांडणीचा आणखी एक भुर्दंड बसतो, त्याला जी-फॅक्टर म्हणतात. तो दीड असेल तर गुणोत्तर मूळच्या एक तृतीयांशावर येतं. आणि हा भुर्दंड सगळीकडे सारखा नसतो. कॉइलपासून लांब, शरीराच्या मधोमध तो सर्वांत जास्त, तिथे प्रतिमा रवाळ होते. गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारं क्रूशिएट लिगामेंट नेमकं मधोमध असतं, ही आमच्या धंद्यातली गंमत.

दुसरी युक्ती २००७ च्या सुमाराला स्टॅनफर्डहून आली, कॉम्प्रेस्ड सेन्सिंग. ओळी ठरावीक अंतरानं न गाळता वेड्यावाकड्या गाळायच्या, म्हणजे घडीऐवजी नॉइजसारखा पसारा पडतो, आणि मग "खरी प्रतिमा थोडक्यात सांगता येण्याजोगी असते" या भरवशावर तो पसारा आवरायचा. जास्त ताणलं की प्रतिमेला तैलचित्राची कळा येते. तिसरी युक्ती डीप लर्निंगची. संगणकाला हजारो पूर्ण प्रतिमा दाखवायच्या आणि गाळलेल्या ओळींच्या जागी काय असावं ते शिकवायचं. 'असावं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पहिल्या युक्तीत उरलेली माहिती दुसऱ्या कॉइलनं खरोखर मोजलेली असते. तिसरीत तिचा काही भाग आधी पाहिलेल्या लोकांच्या गुडघ्यांवरून आलेला असतो. मॅडमचा संशय इथून सुरू होतो.

मग अशी प्रतिमा चांगली की वाईट हे ठरवायचं कसं? अभियंत्यांची पद्धत सोपी. पूर्ण ओळींची प्रतिमा एका हाती, वेगवान प्रतिमा दुसऱ्या हाती, आणि दोघींत फरक किती ते आकड्यात काढायचं. सर्वांत लोकप्रिय आकडा एसएसआयएम, म्हणजे दोन प्रतिमांची रचना किती जुळते याचं माप, १ म्हणजे तंतोतंत. २००४ साली ते मांडलं गेलं आणि टीव्हीवाल्यांना इतकं आवडलं की २०१५ साली त्याच्या कर्त्यांना तांत्रिक विभागातला एमी पुरस्कार मिळाला. मालिका पाहताना प्रेक्षकाला चित्र खराब वाटेल का, हे सांगायला ते उत्तम आहे. गुडघ्याचं दुखणं सांगायला ते कुणी बनवलंच नव्हतं.

आता एक गोष्ट जवळून बघू. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये मेनिस्कस नावाची गादी असते. बाजूनं घेतलेल्या कापात ती काळ्या त्रिकोणासारखी दिसते. गादी फाटली असेल तर त्या काळ्यात एक बारीक उजळ रेघ दिसते. रेघ नुसती आत असेल तर ती वयाची झीज असू शकते. ती त्रिकोणाच्या कडेला जाऊन टेकली तर फाटलं असण्याची शक्यता, आणि दोन कापांत टेकलेली दिसली तर रेडिओलॉजिस्ट बऱ्यापैकी खात्रीनं 'टेअर' लिहितात. म्हणजे शस्त्रक्रिया करायची की व्यायामावर भागवायचं, याचा निर्णय एक-दोन पिक्सेल रुंद रेघ कडेला टेकते की अलीकडे थांबते यावर येऊन ठेपतो. ३२० बाय ३२० च्या प्रतिमेत १,०२,४०० पिक्सेल असतात. ती रेघ ३० पिक्सेलची धरली तर एकूण प्रतिमेचा जेमतेम ०.०३ टक्के. सॉफ्टवेअरनं ती रेघ सफाईनं पुसून टाकली तरी अख्ख्या प्रतिमेच्या सरासरी गुणात तिसऱ्या दशांशापर्यंत फरक पडेल की नाही, शंकाच आहे. उलट उरलेल्या एक लाख पिक्सेलमधला रवा नीट साफ केला की गुण वाढतात. परीक्षेत ९९ गुण आणि पेशंटच्या बाबतीत नापास, हे एकाच वेळी शक्य आहे.

ही नुसती भीती नाही. न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयानं आणि फेसबुकच्या एआय संशोधन गटानं २०१८ साली फास्टएमआरआय हा प्रकल्प जाहीर केला, दीड हजाराहून जास्त गुडघ्यांचे कच्चे आकडे जगासाठी खुले केले आणि स्पर्धा लावल्या. २०१९ ची गुडघ्याची, २०२० ची मेंदूची. मेंदूच्या स्पर्धेत आधी एसएसआयएमनं चाळणी लावली आणि मग वरच्या प्रवेशिका रेडिओलॉजिस्टपुढे ठेवल्या. चौपट-आठपट वेगाच्या, चांगले गुण मिळवलेल्या प्रवेशिकांतही त्यांना नसलेल्या गोष्टी दिसल्या: एका ठिकाणी शस्त्रक्रियेच्या धातूच्या टाक्यांजवळ खोटी रक्तवाहिनी, दुसरीकडे पाण्याची फट वाटावी अशी उजळ रेघ, तर गाठीची कड पुसट. मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही, की या चुका चुकांसारख्या दिसत नाहीत. जुन्या पद्धतीत बिघाड झाला की घडी दिसायची, भुतं दिसायची, वाळू दिसायची. बिघाड स्वतःच ओरडून सांगायचा. इथे बिघाड रक्तवाहिनीचा वेश घेऊन येतो.

म्हणून शेवटी डोळ्यांकडेच यावं लागतं, पण डोळ्यांचीही शिस्त लागते. सर्वसाधारण रीत अशी: दोन किंवा जास्त रेडिओलॉजिस्टना १ ते ५ गुण द्यायला सांगायचे. धारदारपणा, नॉइज, कृत्रिम खुणा, कूर्चा नीट दिसते का, 'यावर रिपोर्ट द्याल का' असे वेगवेगळे रकाने. कुठली प्रतिमा कुठल्या पद्धतीची ते सांगायचं नाही, क्रम पिसायचा, आणि तोच पेशंट दुसऱ्या पद्धतीनं दाखवण्याआधी काही आठवडे जाऊ द्यायचे, म्हणजे आधीचं उत्तर विसरलं जातं. यात एक व्यावहारिक गोची आहे. डीप लर्निंगची गुळगुळीत प्रतिमा अनुभवी डोळा लांबून ओळखतो, मग पडदा कसला राहिला? काही पद्धतींत म्हणूनच वरून हलका रवा मुद्दाम भुरभुरतात. हसू येतं, पण कित्येक डॉक्टरांना तोच बरा वाटतो. अतिगुळगुळीत प्रतिमा त्यांना प्लास्टिकची वाटते.

दोन डॉक्टर १०० पैकी ९० वेळा सहमत झाले, असं कुणी अभिमानानं सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. समजा दोघंही १०० पैकी ९० गुडघ्यांना 'ठीक' म्हणतात. मग त्यांनी डोळे मिटून उत्तरं दिली असती तरी ८२ वेळा ती जुळलीच असती: ८१ वेळा दोघांचं 'ठीक' आणि एकदा दोघांचं 'बिघाड'. योगायोगाच्या वर उरलेल्या १८ पैकी प्रत्यक्ष कमावलेले फक्त ८. हे गुणोत्तर म्हणजे कॅपा, इथे ०.४४. मध्यम. तोंडभर कौतुक करण्याजोगं नक्कीच नाही.

याहून नेमका प्रश्न विचारायची एक पद्धत आहे आणि मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटते: अदलाबदल चालेल का? दोन चांगले डॉक्टर एकच संथ फिल्म, म्हणजे जुन्या पद्धतीनं घेतलेली, पाहूनही कधी कधी वेगळं मत देतात, हे गृहीत धरायचं. समजा १०० गुडघ्यांत १२ वेळा मत फुटतं. आता एकाला संथ फिल्म द्यायची आणि दुसऱ्याला वेगवान. मत १३ वेळा फुटलं, तर वेगवान फिल्मनं भर घातली ती एकाची. २५ वेळा फुटलं, तर फिल्ममध्ये काहीतरी गडबड आहे. इथे 'कुठली सुंदर' हा प्रश्नच बाद होतो. निदान बदलतं का, एवढंच उरतं.

फास्टएमआरआयच्या गटानं २०२० साली हेच केलं. १०८ पेशंट, सहा रेडिओलॉजिस्ट, गुडघा. फिल्म बदलल्यामुळे मत फुटण्याचं प्रमाण कुठल्याही बाबतीत ४ टक्क्यांवर गेलं नाही. शिवाय सहाही जणांनी वेगवान प्रतिमाच जास्त चांगली ठरवली. बातम्यांसाठी हा दुसरा निकाल भारी होता. माझ्या लेखी पहिला.

पण बारकावे बघा. किती पट वेग? पूर्ण ओळींच्या मानानं ३.४९ पट. रुग्णालयात आधीपासून चालू असलेल्या दुप्पट वेगाच्या पद्धतीच्या मानानं मात्र १.८८ पट. 'चौपट वेग' म्हणणाऱ्या माणसाला नेहमी विचारावं: कशाच्या चौपट? दुसरा बारकावा मोठा आहे. त्या अभ्यासात पेशंटचं स्कॅनिंग वेगानं झालंच नव्हतं. नेहमीसारखे आकडे गोळा केले आणि नंतर संगणकात ओळी गाळल्या. त्यामुळे दोन्ही प्रतिमा एकाच क्षणाच्या, एकाच स्थितीतल्या होत्या. तुलना स्वच्छ होते, पण खऱ्या जगातल्या गोष्टी सुटतात: वेगानं घेताना मशीनचं वागणं थोडं बदलतं, आणि पेशंट कमी वेळ पडून राहतो म्हणून कमी हलतो. म्हणजे खरी वेगवान प्रतिमा कागदावरच्यापेक्षा वाईटही निघू शकते आणि चांगलीही. याच गटाच्या पुढच्या कामात, २०२३ साली, १७० जणांचे गुडघे खरोखरच वेगानं स्कॅन करून पाहिले गेले आणि निदान बरोबरीचं निघालं. ते वाचल्यावर माझा जीव जरा भांड्यात पडला.

संगणकात ओळी गाळण्यात आणखी एक खड्डा आहे. २०२२ साली बर्कलेच्या गटानं दाखवून दिलं की इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या, आधीच घासूनपुसून ठेवलेल्या प्रतिमांपासून खोटे कच्चे आकडे बनवून त्यावर पद्धत तपासली तर निकाल वाजवीपेक्षा गोड येतो. कुणी मुद्दाम फसवत नाही. प्रतिमा जेपेगमध्ये दाबलेली असते, तिची अवघड माहिती आधीच गेलेली असते, मग उरलेलं पुन्हा जुळवणं सोपं जाणारच.

आणि आकडेवारीचा एक साधा हिशेब. अभ्यासात ३० फाटलेल्या गाद्या होत्या आणि वेगवान फिल्मवर एकही सुटली नाही, तरी 'सुटणारच नाही' असं म्हणता येत नाही. ढोबळ नियम असा, की तीनला ३० नं भागा: खरं सुटण्याचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. जो आजार पाचशेत एकाला होतो त्याबद्दल शंभर जणांचा अभ्यास काहीच सांगू शकत नाही. आणि जे क्वचित दिसतं ते सॉफ्टवेअरनंही शिकताना क्वचितच पाहिलेलं असतं.

रोजच्या तपासणीसाठी आमच्याकडे फँटम असतो, द्रावणानं भरलेला डबा, आत मिलिमीटरच्या आसपासची भोकं आणि फिकट वर्तुळं. एक मिलिमीटरची भोकं सुटी दिसली की मशीन पास. जुन्या पद्धतींसाठी हे ठीक होतं. नव्या पद्धती मात्र ठळक वस्तू आणि फिकट वस्तू यांना एकसारखं वागवत नाहीत: काळ्यावर पांढरं भोक धारदार राहतं आणि शेजारचं फिकट वर्तुळ नॉइज समजून पुसलं जातं. त्यामुळे भोकं मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही, फिकट वर्तुळंही मोजावीत. बाहेरच्या काळ्या हवेतला नॉइज मोजून गुणोत्तर काढायची आमची पिढीजात सवयही आता निरुपयोगी आहे. हवा साफ करणं सॉफ्टवेअरला सर्वांत सोपं असतं.

तर त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "ही एक सिक्वेन्स जुन्या पद्धतीनं घे." मी माइकचं बटण दाबलं, "काका, अजून तीन मिनिटं. पाय हलवायचा नाही." ३ मिनिटं १२ सेकंदांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. मॅडमनी मेनिस्कस एकेक काप करून पाहिला. दोन्हींत काळा त्रिकोण अखंड, रेघ नाही. फरक होता तो एकच: संथ फिल्ममध्ये हाडाच्या कडेला दुहेरी सावली पडली होती. तिसऱ्या मिनिटाला काकांनी पाय हलवला होता.